वेगाची वाट अडली कुठे?

२०११ मध्ये दिल्लीजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर फॉर्म्युला वनच्या गाड्या पहिल्यांदा धावल्या, तेव्हा मोटार शर्यतींच्या जगात भारताचं नाव लागलं, असं सगळ्यांना वाटलं. तीन वर्षांत शर्यत गेली. मागे राहिला तो पाच किलोमीटरहून लांब ट्रॅक. करांचे दावे, जमिनीचे खटले आणि मालक कंपनीचं दिवाळं या कचाट्यात तो सापडला. देशातल्या या एकमेव फॉर्म्युला वन ट्रॅकचं पुढे काय होणार?

दिवाळीचा फराळ अजून डब्यांत शिल्लक होता. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. रविवार, ३० ऑक्टोबर २०११. एरवी रविवारच्या दुपारी घराघरांतल्या टीव्हीवर क्रिकेटचा सामना लागायचा. त्या दुपारी मात्र अनेक घरांत एक वेगळाच आवाज घुमत होता. हजारो भुंगे एकाच वेळी कानाशी यावेत तसा! उत्तर प्रदेशात, ग्रेटर नोएडाच्या पुढे, यमुना द्रुतगती मार्गालगत चोवीस गाड्या सज्ज उभ्या होत्या. समोरचे पाच लाल दिवे एकेक करत लागले, एकदम विझले आणि भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत सुरू झाली.

सुमारे ९५ हजार प्रेक्षक ती पाहायला आले होते. साठ फेऱ्या पूर्ण करून जर्मनीचा सेबास्टियन व्हेटेल पहिला आला, तेव्हा त्याच्यासमोर काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा झेंडा फडकवला तो आपल्या सचिन तेंडुलकरने. कोइमतूरचा नारायण कार्तिकेयन सतरावा आला. त्याची गाडी ताफ्यातल्या सर्वांत मंद गाड्यांपैकी होती. पण मायदेशात फॉर्म्युला वनची शर्यत धावणारा पहिला भारतीय हा मान त्याला मिळाला. विजय मल्ल्यांच्या सहारा फोर्स इंडिया संघाच्या अॅड्रियन सुटिलने नववा क्रमांक मिळवून गुणांची कमाई केली.

तसं पाहिलं तर सुरुवात अगदी आपल्याकडची शोभेल अशीच झाली होती. शुक्रवारच्या पहिल्या सरावात एक भटका कुत्रा थेट ट्रॅकवर आला आणि सराव थांबवावा लागला. त्यावरून विनोदही झाले. पण रविवारी शर्यत सुरळीत पार पडली आणि चालकांनी ट्रॅकचं तोंडभरून कौतुक केलं. दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या गोंधळाला जेमतेम वर्ष झालं होतं. त्या पार्श्वभूमीवर एका खासगी कंपनीने हे करून दाखवलं, याचं अप्रूप मोठं होतं.

त्या संध्याकाळी घरी परतणाऱ्या प्रेक्षकांना कोणी सांगितलं असतं, की अशा शर्यती इथे आणखी फक्त दोनच होणार आहेत, तर कोणाचा विश्वास बसला असता?

सपाट शेतांवर चढउतार

मोटार शर्यतीचा ट्रॅक म्हणजे काय? एक लांबलचक गुळगुळीत रस्ता, असा अनेकांचा समज असतो. रस्ता हा त्यातला एक भाग झाला. ताशी ३०० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी वळणावर घसरली, तर तिला थांबायला मोकळी जागा लागते. त्या जागेच्या कडेला टायरच्या भिंती लागतात. प्रत्येक वळणावर झेंडे घेतलेले प्रशिक्षित स्वयंसेवक लागतात. सुसज्ज वैद्यकीय केंद्र आणि जखमीला घेऊन उडायला तयार असलेलं हेलिकॉप्टर लागतं. शिवाय गाड्यांचे टायर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच बदलणारे ‘पिट’चे गाळे, त्यामागे संघांच्या इमारती आणि समोर प्रेक्षकांचे सज्जे.

हे सारं तपासून आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ ट्रॅकला श्रेणी देतो. फॉर्म्युला वनसाठी पहिल्या श्रेणीचा परवाना लागतो आणि तो एकदा मिळाला की कायमचा, असंही नाही. ठरावीक मुदतीने पुन्हा तपासणी होते. बंद घराला जशी ओल धरते, बिजागऱ्या गंजतात, तसंच ट्रॅकचं असतं. वापर नसला, देखभाल नसली, की तो हळूहळू खेळाच्या लायकीचा राहत नाही.

बुद्ध सर्किटचा आराखडा केला तो जर्मनीच्या हेरमान टिल्के यांनी. मलेशिया, बहारीन, चीन, तुर्कस्तान, अबू धाबी इथले आधुनिक ट्रॅक त्यांच्याच हातचे. गंगा-यमुनेच्या दुआबातली ही जमीन तळहातासारखी सपाट. तिच्यावर मातीचे प्रचंड भराव टाकून चढउतार तयार करण्यात आले. ५.१२५ किलोमीटर लांबी, सोळा वळणं, एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आणि दहाव्या वळणापासून बाराव्यापर्यंत कढईच्या कडेसारखा वळत जाणारा रुंद भाग. हा भाग चालकांच्या विशेष आवडीचा होता. गौतम बुद्धनगर जिल्ह्यात असल्यामुळे ट्रॅकला बुद्धाचं नाव मिळालं. शांततेचा संदेश देणाऱ्या महापुरुषाचं नाव आणि कानठळ्या बसवणारा खेळ, हा योगही गमतीचाच!

खर्च आला सुमारे ४० कोटी डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने दोन हजार कोटी रुपयांच्या घरात. तो केला जेपी समूहाने. धरणं, सिमेंट, वीज आणि रस्ते यांत नाव काढलेला हा समूह. दिल्लीच्या वेशीवरून आग्र्यापर्यंत जाणारा १६५ किलोमीटरचा यमुना द्रुतगती मार्गही त्यानेच बांधला. ट्रॅक हा एका फार मोठ्या बेताचा भाग होता. सुमारे एक हजार हेक्टरवर ‘स्पोर्ट्स सिटी’ उभारायची, मध्यभागी शर्यतीचा ट्रॅक आणि भोवती घरं, असा तो बेत. थोडक्यात, शर्यतीने जागेचं नाव व्हावं आणि घरांच्या विक्रीतून पैसा यावा, असं ते गणित होतं.

शोलावरमची धावपट्टी

भारतात मोटार शर्यती २०११ मध्ये सुरू झाल्या, असं मात्र कोणी समजू नये. त्यासाठी दक्षिणेकडे जावं लागेल. चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे विमानांसाठी धावपट्टी बांधली गेली. युद्ध संपलं, विमानं गेली आणि रिकाम्या धावपट्टीवर वेगाच्या वेडाने झपाटलेली माणसं आपल्या मोटारी व मोटारसायकली घेऊन पोचली. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि शोलावरमच्या शर्यती हा मद्रासच्या वर्षातला एक मोठा सोहळा होऊन बसला. कलकत्त्याजवळ बराकपूरच्या धावपट्टीवरही अशाच शर्यती होत.

तिथे सोयी म्हणाव्यात तर जवळपास नव्हत्याच. गवताच्या पेंढ्यांनी वळणं आखलेली, प्रेक्षक ट्रॅकच्या अगदी जवळ उभे. कोणी संस्थानिक परदेशातून आणलेली गाडी पळवायचा, तर कोणी कारागीर फियाट किंवा अॅम्बेसेडरचं इंजिन घरच्या घरी सुधारून त्याला आव्हान द्यायचा. कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी तर देशातच, परवडणाऱ्या किमतीत शर्यतीच्या छोट्या गाड्या बांधायला सुरुवात केली. १९९५ मध्ये एका विमान अपघातात ते गेले. पण कोइमतूरजवळच्या ‘करी मोटर स्पीडवे’ या ट्रॅकच्या नावात ते आजही आहेत. कार्तिकेयन याच शहरातला, हा काही निव्वळ योगायोग नव्हे. त्याचे वडील स्वतः नावाजलेले रॅली चालक.

पुढे शोलावरम सोडायची वेळ आली, तेव्हा मद्रासच्या क्लबने श्रीपेरुंबुदुरजवळ इरुंगट्टुकोट्टै इथे स्वतःची जमीन घेऊन ३.७ किलोमीटरचा ट्रॅक बांधला. १९९० मध्ये तो सुरू झाला. फॉर्म्युला वन तिथे कधीच आली नाही, तरी तो ट्रॅक चालू राहिला, कारण त्याच्यामागे सभासद होते, दरवर्षीच्या राष्ट्रीय स्पर्धा होत्या, गाड्या दुरुस्त करणारे होते आणि मुलांना शिकवणारेही होते.

बुद्ध सर्किटकडे या सगळ्यांपेक्षा कितीतरी पट पैसा होता. नव्हतं ते हे गणगोत. वर्षातले तीन दिवस जग तिथे यायचं. उरलेल्या ३६२ दिवसांचं काय, याचं उत्तर आधी तयार नव्हतं.

खेळ की करमणूक?

पहिला अडसर आला तो एका साध्या प्रश्नाच्या रूपाने. मोटार शर्यत हा खेळ आहे की करमणूक? हा प्रश्न वरवर पोरकट वाटतो, पण त्यावर कोट्यवधी रुपये अवलंबून होते.

खेळ म्हटलं तर आयातशुल्कात आणि करात सवलत मागता येते. करमणूक म्हटलं तर तिकिटावर करमणूक कर आला. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाने सुरुवातीपासूनच हा मुख्यतः व्यापारी कार्यक्रम असल्याची भूमिका घेतली. उत्तर प्रदेशात तेव्हा मायावतींचं सरकार होतं. त्या सरकारने कर माफ केला. पण माफीविरुद्ध जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली. पहिल्या शर्यतीला जेमतेम दहा दिवस उरले असताना न्यायालयाने आदेश दिला, की तिकीटविक्रीच्या उत्पन्नातला २५ टक्के हिस्सा निकाल लागेपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवावा.

आयातशुल्काचं प्रकरण तर मराठी घरांना आधीपासूनच ठाऊक होतं. सचिनने डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, म्हणून २००२ मध्ये मायकेल शूमाकरच्या हस्ते त्याला फेरारी गाडी भेट मिळाली. ती देशात आणताना एक कोटीहून अधिक शुल्क लागू होतं. ते माफ झालं, त्यावर टीका झाली आणि शेवटी गाडी देणाऱ्या कंपनीनेच ते भरलं. एका गाडीची ही कथा, तर इथे चोवीस गाड्या, त्यांचे सुटे भाग, टायर आणि इंजिनं असा सारा पसारा विमानांनी येणार आणि तीन दिवसांनी परत जाणार!

त्याहून मोठा दावा पुढेच होता. जेपी समूहाच्या कंपनीने शर्यत भरवण्याच्या हक्कासाठी फॉर्म्युला वन कंपनीशी करार केला होता आणि त्यापोटी ४ कोटी डॉलर द्यायचे होते. आयकर खात्याने विचारलं, की हे उत्पन्न भारतात मिळालं ना, मग भारतात कर का नको? परदेशी कंपनीचं म्हणणं पडलं, की आमचं भारतात कार्यालयच नाही आणि आम्ही येतो ते तीन दिवसांपुरते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. एप्रिल २०१७ मध्ये निकाल लागला. शर्यतीच्या काळात ट्रॅकवरचा प्रवेश, प्रक्षेपण, जाहिराती, सारं काही याच कंपनीच्या ताब्यात असतं. तेव्हा ते सर्किट म्हणजे तिचं भारतातलं कायमचं ठाणंच मानावं लागेल आणि कर द्यावाच लागेल, असं न्यायालयाने ठरवलं. आंतरराष्ट्रीय करकायद्याच्या अभ्यासात हा निकाल आजही महत्त्वाचा मानला जातो.

पण तोवर ट्रॅकवरून फॉर्म्युला वनच्या गाड्या जाऊन साडेतीन वर्षं लोटली होती.

तीन शर्यती, एकच विजेता

२०१२ मध्ये शर्यत झाली, व्हेटेल जिंकला. २०१३ मध्ये झाली, पुन्हा व्हेटेल! त्या विजयासोबत त्याचं सलग चौथं विश्वविजेतेपद पक्कं झालं. आनंदाच्या भरात त्याने प्रेक्षकांसमोरच्या सरळ पट्ट्यावर गाडी जागच्या जागी गरगर फिरवली, टायरच्या धुराचे लोट उठवले आणि खाली उतरून गाडीसमोर गुडघे टेकून नमस्कार केला. गाडी नेमून दिलेल्या जागी नेली नाही म्हणून त्याला समज मिळाली आणि संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. पण त्या दृश्याची सर कशालाही यायची नाही. दुर्दैवाने तेच भारतातल्या फॉर्म्युला वनचं शेवटचं दृश्य ठरलं.

करार पाच वर्षांचा होता. २०१४ च्या वेळापत्रकात मात्र भारताचं नाव नव्हतं. एक वर्षाची विश्रांती घेऊन २०१५ मध्ये शर्यत परत येईल, असं तेव्हा सांगण्यात आलं. ती आली नाही.

याचं कारण एकट्या करात शोधणं बरोबर होणार नाही. पहिल्या वर्षी नवलाईपोटी जमलेली गर्दी दुसऱ्या वर्षी बरीच ओसरली. ‘बघून झालं’ ही भावना होतीच. सर्वांत स्वस्त तिकीटही अडीच हजारांच्या आसपास. चौघांचं कुटुंब, दिल्लीपासूनचा प्रवास, वरचा खर्च... मध्यमवर्गीय माणूस हे एकदा हौसेने करतो, दरवर्षी नाही. ज्या खेळात आपलं कोणी जिंकत नाही, त्यासाठी तर नाहीच.

दुसरं असं, की फॉर्म्युला वनची फी निव्वळ तिकिटांतून सहसा वसूल होत नाही. मेलबर्न, सिंगापूर, बहारीन, अबू धाबी इथल्या शर्यतींमागे तिथली सरकारं उभी असतात. पर्यटन आणि प्रसिद्धीचा लाभ धरून ती पैसा ओततात. भारतात सरकारने पदरचा पैसा घालावा का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या जिल्ह्यात दवाखाने आणि शाळा यांची वानवा आहे, तिथे शर्यतीला मदत द्या म्हणणं सोपं नाही. पण सरकार पैसा देणार नव्हतं, कर मात्र घेणार होतं आणि कंपनीचा हात घरबांधणीच्या मंदीत आखडत चालला होता. मग शर्यत टिकणार कशाच्या जोरावर?

पायाखालची जमीन

या ट्रॅकच्या कथेतला सर्वांत नाजूक भाग आहे तो जमिनीचा. ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंतच्या या पट्ट्यात रस्ता, वसाहती आणि ‘स्पोर्ट्स सिटी’ यांसाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या. मोबदल्यावरून असंतोष धुमसत होता. पहिल्या शर्यतीच्या पाच महिने आधी, मे २०११ मध्ये, याच जिल्ह्यातल्या भट्टा-पारसौल गावात शेतकरी आणि पोलीस यांच्यात चकमक झाली. दोन्ही बाजूंची माणसं मेली. देशभर त्याचे पडसाद उमटले. ब्रिटिश आमदानीतला १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन २०१३ मध्ये नवा कायदा आला, त्यामागे अशा आंदोलनांचा मोठा वाटा होता.

पुढे या भागातल्या शेतकऱ्यांना ६४.७ टक्के वाढीव मोबदला देण्याचं ठरलं. तो भार ज्यांना भूखंड दिले त्यांनी उचलावा, अशी यमुना एक्स्प्रेसवे औद्योगिक विकास प्राधिकरणाची भूमिका. भूखंडाचे हप्ते थकले, थकबाकी वाढत गेली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये प्राधिकरणाने जेपी समूहाला दिलेल्या एक हजार हेक्टरचं वाटपच रद्द केलं. ट्रॅक याच जमिनीवर! कंपनी न्यायालयात गेली. मार्च २०२५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने वाटप रद्द करण्याचा निर्णय उचलून धरला. त्याचबरोबर, या जमिनीवरच्या रखडलेल्या योजनांत ज्यांनी घरांसाठी पैसे भरले, त्यांचं हित जपण्यासाठी समितीची व्यवस्था करायला सांगितलं.

इथे थोडं थांबून या घर घेणाऱ्यांचा विचार करायला हवा. जेपी समूहाच्या नोएडा आणि ग्रेटर नोएडा परिसरातल्या योजनांत हजारो कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी गुंतवली. अनेकांनी वर्षानुवर्षं एकीकडे घराचं भाडं आणि दुसरीकडे न मिळालेल्या घराच्या कर्जाचा हप्ता, असा दुहेरी बोजा वाहिला. मुलं शाळेतून कॉलेजात गेली, घराची किल्ली मिळाली नाही. शर्यतीच्या झगमगाटाने ज्या जागेची जाहिरात झाली, तिथल्या स्वप्नांची ही दुसरी बाजू.

जून २०२४ मध्ये समूहाची मुख्य कंपनी जयप्रकाश असोसिएट्स दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्याकडून येणं असलेल्यांचे दावे ५७ हजार कोटींच्या पुढे होते. कंपनी घेण्यासाठी बडे उद्योगसमूह पुढे आले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये धनको संस्थांच्या समितीने अदानी एंटरप्रायझेसच्या सुमारे १४,५३५ कोटी रुपयांच्या प्रस्तावाच्या बाजूने कौल दिला. या व्यवहारात सिमेंटचे कारखाने आहेत, हॉटेलं आहेत, जमिनी आहेत. एवढ्या मोठ्या ताटात शर्यतीचा ट्रॅक म्हणजे कोशिंबिरीएवढाच! पण खेळाच्या दृष्टीने पाहिलं तर तोच सर्वांत मोलाचा आहे, कारण कारखाना पुन्हा बांधता येतो; असा ट्रॅक देशात दुसरा नाही.

दोन चाकांवरची आशा

मधल्या वर्षांत ट्रॅक अगदीच ओस पडला नव्हता. २०१४ पासून काही वर्षं टाटा मोटर्सने तिथे चक्क ट्रकच्या शर्यती भरवल्या. मोटार कंपन्या नव्या गाड्या दाखवायला तिथे येत राहिल्या. हौशी लोक पैसे भरून आपली गाडी किंवा मोटारसायकल मनसोक्त पळवू लागले.

मग सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींची सर्वोच्च जागतिक स्पर्धा, भारतात आली. दुचाकींच्या या देशात खरं तर तिचंच अगत्य अधिक! ट्रॅकमध्ये मोटारसायकलींसाठी बदल केले गेले. सुरुवातीलाच व्हिसाचा घोळ झाला आणि मार्क मार्केझसारखे नामवंत खेळाडू विमानतळावर अडकले. उकाडा इतका, की मुख्य शर्यतीच्या २४ फेऱ्या कमी करून २१ कराव्या लागल्या. इटलीचा मार्को बेझेकी जिंकला आणि दुसरा आलेला होर्हे मार्तिन शर्यत संपताच शरीरातलं पाणी कमी होऊन खाली बसला. अडचणी होत्या, पण शर्यत रंगली. स्पर्धा दरवर्षी होईल अशी अपेक्षा होती. २०२४ ची फेरी मात्र रद्द झाली.

हीच कथा इतरत्रही दिसते. हैदराबादमध्ये फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवर चालणाऱ्या गाड्यांची फॉर्म्युला ई शर्यत हुसेन सागराच्या काठी झाली. तेलंगणात सरकार बदललं आणि २०२४ ची शर्यत बारगळली. एक वर्ष गाजावाजा आणि दुसऱ्या वर्षी सामसूम!

जगात काय झालं?

ट्रॅक बंद पडणं किंवा त्याचं रूप बदलणं, हे जगात नवीन नाही. इंग्लंडमधलं ब्रुकलँड्स हा १९०७ मध्ये खास मोटार शर्यतींसाठी बांधलेला जगातला पहिला ट्रॅक. दुसरं महायुद्ध आलं, तिथल्या विमान कारखान्यांना जागा हवी होती आणि १९३९ नंतर शर्यती कायमच्या थांबल्या. आज तिथे संग्रहालय आहे आणि जुन्या कलत्या ट्रॅकचे काही तुकडे जपून ठेवले आहेत.

अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनची गोष्ट मात्र धीर देणारी आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या या छोट्या गावाच्या ट्रॅकवर वीस वर्षं फॉर्म्युला वन झाली. १९८० नंतर ती गेली आणि १९८१ मध्ये ट्रॅकचं दिवाळं वाजलं. तो तसाच पडून राहिला. पण शेजारच्या कॉर्निंग गावातल्या काच बनवणाऱ्या प्रसिद्ध कंपनीने, परिसराचा व्यवसाय टिकावा म्हणून, एका शर्यत कंपनीच्या भागीदारीत १९८३ मध्ये तो विकत घेतला. पुढच्या वर्षी ट्रॅक पुन्हा सुरू झाला. फॉर्म्युला वन परतली नाही, तरी अमेरिकी धर्तीच्या मोटार शर्यतींनी त्याला नवं आयुष्य दिलं.

आपल्याला अधिक जवळचं उदाहरण मलेशियाचं. क्वालालंपूरजवळच्या सेपांगला १९९९ पासून फॉर्म्युला वन व्हायची. खर्च परवडत नाही म्हणून २०१७ नंतर मलेशियाने ती स्वतःहून बंद केली, पण मोटोजीपी ठेवली. या खेळाचे तिथले चाहते मोठ्या संख्येने येतात, आशियातल्या इतर स्पर्धाही होतात आणि ट्रॅक चालू राहतो.

उद्याचे चालक कुठे शिकणार?

बुद्ध सर्किटपुढे आज ढोबळमानाने तीन वाटा आहेत. पहिली, पुन्हा फॉर्म्युला वन आणण्याची. ती आकर्षक आहे, पण सरकार आणि मालक यांनी कर, शुल्क आणि व्हिसा यांचा निकाल आधी लावला नाही, तर २०१३ ची पुनरावृत्ती ठरलेली. दुसरी वाट सगळ्यांत सोपी आणि म्हणूनच सगळ्यांत धोक्याची. जेवरला मोठा विमानतळ आल्यामुळे या पट्ट्यातल्या जमिनीला सोन्याचं मोल आलं आहे. ट्रॅक मोडून तिथे इमारती उभ्या करण्याचा मोह कोणालाही होऊ शकतो. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. गिरण्यांच्या जागी काय उभं राहिलं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिसरी वाट संथ आहे. ट्रॅक दर आठवड्याला वापरात ठेवायचा. राष्ट्रीय स्पर्धांना परवडेल असं भाडं ठेवायचं. मुलांसाठी कार्टिंगपासून वरपर्यंत प्रशिक्षण, मोटार कंपन्यांना चाचण्या, पोलीस आणि रुग्णवाहिका चालकांना सुरक्षित वेगाचे धडे. मध्य प्रदेशात इंदूरजवळ पिथमपूरला गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला. मोटार उद्योगाला अशा जागांची गरज आहे, हे त्यावरून दिसतंच.

गुणवत्तेचा तर प्रश्नच नाही. मुंबईच्या जेहान दारूवालाने फॉर्म्युला वनच्या खालोखाल असलेल्या फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या. बंगळूरच्या कुश मैनीने मे २०२५ मध्ये त्याच मालिकेतली मोनॅकोची स्प्रिंट शर्यत जिंकली. असं करणारा तो पहिला भारतीय. पण या मुलांना त्यासाठी कोवळ्या वयात युरोप गाठावं लागतं आणि तो खर्च झेपणारी घरं आपल्याकडे किती? शोलावरमच्या तुटपुंज्या धावपट्टीने दक्षिणेला चालकांच्या पिढ्या दिल्या. दोन हजार कोटींच्या ट्रॅकने उत्तरेला अजून तसं काही दिलेलं नाही. तशी संधीच त्याला मिळाली नाही.

ट्रॅकवरची एक नोंद आजही जशीच्या तशी आहे. २०११ च्या त्या रविवारी व्हेटेलने शर्यतीतली सर्वांत वेगवान फेरी मारली होती, १ मिनिट २७.२४९ सेकंदांत. पुढच्या दोन्ही शर्यतींत कोणी ती मोडली नाही आणि त्यानंतर मोडायला कोणी आलंच नाही. विक्रम म्हणून ती अभिमानाची खरी. पण ज्या मैदानावरचा विक्रम मोडायला वर्षानुवर्षं कोणी उतरत नाही, त्या मैदानाचं दुखणंही तीच नोंद सांगते. नवा मालक कोणीही असो, आधी तिथे रोज गाड्या धावू देत. विक्रम मोडणारा त्यांतूनच एक दिवस येईल.